शेपटीचं टेन्शन

टेन्शन कमी कसं करायचं यावर आमच्या एचआरने आत्तापर्यंत तीन वर्कशॉप्स घेतली आहेत. डोळे मिटा, श्वास सोडा, समोर समुद्र आहे असं समजा वगैरे वगैरे. पण टेन्शन नेमकं किती ठेवायचं हे मला कळलं ते धनकवडीतल्या एका पिठाच्या गिरणीत, केसांवर ज्वारीचं पीठ बसत असताना.

हे टेन्शन होतं एका पट्ट्याचं. काळा, दातेरी, रुंदीला करंगळीच्या नखाहूनही कमी. रेडिओ कंट्रोल हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या नळीतून तो फिरतो आणि मागचा छोटा पंखा चालवतो. दिसायला इतका फालतू, की हा पट्टा एखाद्याचा जीव धोक्यात घालू शकतो, यावर माझाही विश्वास बसला नसता.

सुरुवातीपासून सांगते. आमच्या टीममधला एक सीनियर कायमचा कॅनडाला निघाला. जाताना त्याने घरातलं सगळं विकायला काढलं. फ्रिज गेला, बाईक गेली, कुंड्यासुद्धा गेल्या. उरला एक खोका. त्यात अलाइन या तैवानी कंपनीचं टी-रेक्स ४५० होतं, अर्धं जोडलेलं आणि अर्धं पिशव्यांमध्ये. २००० नंतरच्या दशकात हे मॉडेल म्हणजे छोट्या आरसी हेलिकॉप्टर्समधली स्प्लेंडर होती. जगभरातल्या हौशी मंडळींनी शिकताना हेच आपटलं आणि हेच दुरुस्त केलं. मी नऊ हजारांना खोका उचलला. आई म्हणाली, "एवढ्यात एक बरी पैठणी तरी आली असती." (नसती आली. पण आईशी कोण वाद घालणार!)

"ड्रोन घे ना सरळ," असा सल्ला ऑफिसात किमान सहा जणांनी दिला. ड्रोन घेणं सोपं आहे हे खरंच. चार मोटर, चार पंखे, बाकी सगळं आतला कॉम्प्युटर बघतो. हेलिकॉप्टरला मात्र जोडावं लागतं. एक मोटर, तिच्यावर एक मोठा गिअर, त्यावर वरचा रोटर आणि त्याच गिअरमधून शक्ती चोरून शेपटीकडे नेणारा हा पट्टा. मी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधते. हाताने काहीतरी जोडायचं आणि त्यातले बग आपलेच असायचे, ही कल्पनाच मला भारी वाटली. बग आपलेच असतात म्हणजे काय, ते पुढे कळायचं होतं.

शेपटी कशाला?

थोडं फिजिक्स, घाबरू नका. टी-रेक्सचा मोठा रोटर वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. म्हणजे खालचा सांगाडा उलट्या दिशेने फिरायला बघणार. फिरत्या खुर्चीवर बसून तुम्ही कपाट ढकललंत की तुम्हीच गर्रकन वळता ना, तसंच. मागचा छोटा पंखा आडवा जोर लावून सांगाड्याला धरून ठेवतो. तो जोर किती हवा हे क्षणाक्षणाला बदलतं. जायरो नावाचा सेन्सर शेपटी हलली की सर्व्होला हुकूम देतो आणि सर्व्हो मागच्या पात्यांचा कोन बदलतो. १९३९ मध्ये इगोर सिकॉर्स्की यांनी व्हीएस-३०० उचललं त्यालाही शेपटीवर रोटर होता. खेळण्यात आणि खऱ्यात भानगड एकच.

आता आकडे बघा. माझ्या मशीनचा मोठा रोटर साधारण ७० सेंटिमीटरचा आहे आणि मिनिटाला सुमारे २,८०० फेऱ्या मारतो. म्हणजे पात्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरहून जास्त वेगाने जातं. शेपटीचा पंखा त्याच्या चौपटीहून जास्त वेगाने फिरतो, मिनिटाला बारा हजारांच्या घरात. आणि हे सगळं त्या करंगळीच्या नखाएवढ्या पट्ट्याच्या दातांवर.

पट्टा लावताना एक गंमत आहे. पुढची पुली आडवी पडलेली असते आणि मागची उभी. त्यामुळे नळीतून जाताना पट्ट्याला पाव पीळ द्यावा लागतो. पीळ उलटा दिला तर मागचा पंखा उलटा फिरतो आणि शेपटी धरून ठेवण्याऐवजी आणखी ढकलून देतो. मी मॅन्युअलमधलं चित्र तीनदा बघून पीळ दिला. बरोबर दिला. नळी मागे ओढली, पट्टा ताणला, पकडीचे स्क्रू आवळले. मॅन्युअलमध्ये ताण कसा तपासायचा त्याचंही चित्र होतं. पट्टा दाबायचा, थोडा आत जायला हवा. थोडा म्हणजे किती? मी माझ्या मनाने ठरवलं आणि पुढे गेले.

ती दुपार

भोरच्या रस्त्याला मैत्रिणीच्या काकांचं पडीक रान आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांमध्ये आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल भाग पाडलेत. नकाशा उघडून ही जागा हिरव्यात आहे हे बघून घेतलं होतं. सोबत ताई आणि ताईचा अकरा वर्षांचा मुलगा. मावशी हेलिकॉप्टर उडवणार म्हणून स्वारी आदल्या रात्री झोपली नव्हती.

आधीच्या दोन रविवारी मी एकटी येऊन कंबरेएवढ्या उंचीवर मशीन तरंगवण्याचा सराव केला होता, त्यामुळे जरा आत्मविश्वास (वाचा : माज) होता. त्या दिवशी डोक्याच्या वर नेलं. दोन मिनिटं झकास. मग शेपटीने एकदा झटका दिला. पुन्हा सरळ झाली. आणि मग मशीन स्वतःभोवती भोवऱ्यासारखं फिरायला लागलं.

अशा वेळी करायचं काय हे मला पाठ होतं. थ्रॉटल होल्डचं बटण दाबायचं. मोटरची शक्ती तोडली की सांगाड्याला फिरवणारा जोरच संपतो आणि गिरकी मंदावते. मशीन पडतं, पण पडतं तिथल्या तिथे. मी काय केलं? घाबरून स्टिक वर ढकलली. शक्ती वाढली, गिरकी वाढली आणि मशीन तिरकं होऊन बाजूला सुटलं. जमिनीवर आदळून पातं तुटलं. त्याचा वीतभर तुकडा सूं करत गेला आणि भाच्याच्या बुटांपासून दोन फुटांवर मातीत रुतला.

त्याला मी माझ्या मागे उभं राहायला सांगितलं होतं. तो चांगला अँगल मिळावा म्हणून बाजूला सरकला होता. मोबाईलवर व्हिडिओ काढत होता ना.

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तो तुकडा उपटला, रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. गाडीत कात्रज येईपर्यंत कुणीच बोललं नाही. घरी उतरताना ती एवढंच म्हणाली, "नक्की काय तुटलं होतं ते मला सांगता आलं तरच त्याला परत ने. 'झालं असेल काहीतरी' हे चालणार नाही."

मी पोटापाण्यासाठी टेस्टिंग करते. 'झालं असेल काहीतरी' हे वाक्य मी रोज दुसऱ्यांच्या तोंडून ऐकते आणि रोज त्यांना परत पाठवते.

पोस्टमॉर्टेम

रात्री डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून मशीन उघडलं. नळी वाकलेली, मुख्य शाफ्ट वाकलेला, पाती गेलेली. यातलं बहुतेक आपटल्यामुळे झालेलं. आपटण्याच्या आधी काय झालं ते शोधायचं होतं.

पहिला पुरावा नळीवर मिळाला. पकडीची कड जिथे बसते तिथे अॅल्युमिनियमवर एक बारीक रेघ उमटते. माझ्या नळीवर अशा दोन रेघा होत्या, दोन मिलिमीटरच्या अंतराने. म्हणजे नळी पुढे, आतल्या बाजूला सरकली होती. आता हे आपटल्यामुळेही झालेलं असू शकतं. पण दोन रेघांच्या मधे काळपट पूड साचली होती. एका धक्क्यात पूड साचत नाही. थरथरत, घासत, हळूहळू सरकल्यावर साचते. नळी चेपेल या भीतीने मी पकडीचे स्क्रू पुरते आवळलेच नव्हते.

दुसरा पुरावा भाच्याने दिला, त्याच्या व्हिडिओने. कान देऊन ऐकलं तर शेपटीच्या पहिल्या झटक्याच्या जरा आधी 'टर्रर्र' असा आवाज येतो. प्लास्टिकच्या कंगव्यावरून नख फिरवल्यासारखा. पट्ट्याचे दात पुलीच्या दातांवरून उड्या मारत होते तो तो आवाज. पट्टा काढून बघितला तर सात-आठ दात एका बाजूने तासल्यासारखे झाले होते.

कारण सापडलं. पट्टा सैल झाला होता. मग उपाय सोपा, नाही का? घट्ट करायचा!

महिनाभर सुटे भाग जमवले (जुन्या मॉडेलचे भाग मिळवणं ही वेगळी कादंबरी आहे), नवी नळी बसवली आणि नवा पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला. एकटीच रानात गेले. शेपटी काय हलायची बिशाद! पण मागून बारीक रडल्यासारखा आवाज यायला लागला. बॅटरी आधी सहा मिनिटं पुरायची, ती पाच मिनिटांच्या आत संपली. मोटरला हात लावला तर चटका. मोटरची बरीच ताकद पट्टा ओढण्यातच जात असावी. शेपटीचा शाफ्ट बोटाने फिरवला तर बेअरिंग खरखरत होतं. एका दुपारीत बेअरिंग खाल्लं.

सैल ठेवला तर दात सुटतात, घट्ट केला तर बेअरिंग जातं. मधे कुठे थांबायचं? मला आकडा हवा होता. आकडा मिळाला की मी खूश असते.

मामाची गिरणी

मामाची गिरणी पस्तीस वर्षं जुनी आहे. मी दळणाचा डबा आणि पर्समध्ये टी-रेक्सची शेपटी घेऊन गेले. मामाने आधी दळण लावलं, मग चष्मा.

"हे काय गं?"

"हेलिकॉप्टर. मामा, पट्टा किती ताणायचा ते कसं ठरवता तुम्ही?"

मामाने उत्तर न देता एका बंद चक्कीकडे नेलं. मोटरखालचे बोल्ट दाखवले. त्यांची भोकं लांबट असतात, म्हणजे बोल्ट ढिले केले की मोटर मागे सरकवता येते आणि पट्टा ताणला जातो. मी नळी मागे ओढते तेच हे. मग पट्ट्याच्या मधोमध अंगठा दाबला. "एवढा गेला पाहिजे."

"एवढा म्हणजे किती?"

"एवढा." पुन्हा अंगठा.

मी कपाळावर हात मारला. मग मामाने माझी शेपटी हातात घेतली, टॉर्च मारून नळीत पाहिलं आणि पट्ट्यावरून नख फिरवलं.

"हा दातेरी आहे."

"हो."

"मग ओढतेस कशाला एवढा? माझा पट्टा सपाट आहे. तो घासूनच पुली फिरवतो, म्हणून ताणावा लागतो. घसरला तर वरून राळ टाकतो. तुझ्या पट्ट्याला तर दात आहेत. काम दात करतात. दात बाहेर निघणार नाहीत एवढाच ताण दे, बास. वरचा सगळा बेअरिंगला."

महिनाभर मी जे शोधत होते ते हेच होतं. दातेरी पट्टा घर्षणावर चालत नाही, ताण फक्त दात खाचेत बसवून ठेवण्यापुरता. कसोटीची वेळ येते ती झटक्याला. जायरो एकदम पात्यांचा कोन वाढवतो, पंख्याला हवा जड होते, पट्ट्याची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी ढिली पडते. त्या ढिल्या बाजूचे दात पुलीवर चढायला बघतात. तेवढ्यापुरतं त्यांना दाबून ठेवायचं.

आणि अंगठाच का, स्केल का नाही, याचंही उत्तर त्या रात्री सापडलं. वहीवर पायथागोरस मांडला. पट्ट्याची एक बाजू साधारण ३५ सेंटिमीटर धरली. नळी फक्त दोन मिलिमीटर आत सरकली तर मधोमध झोळ पडायला जागा होते सुमारे १९ मिलिमीटर! नळीच्या पोटात एवढी जागाच नाही. उलट, मधोमध पाच मिलिमीटर झोळ हवी असेल तर नळी सरकवायची फक्त दीड दशांश मिलिमीटर. केसापेक्षा फार काही जास्त नाही. एवढं अंतर स्केलवर दिसत नाही, पण पट्ट्यावर बोट ठेवलं की झोळीत मोठं होऊन कळतं. मामाला पायथागोरस माहीत नसेल, पण त्याच्या अंगठ्याला माहीत आहे.

तर आता मी कसं करते ते सांगते. बॅटरी काढून ठेवते, हे आधी. नळीच्या पकडीचे आणि आधाराच्या काड्यांचे स्क्रू ढिले करते. नळी हाताने मागे ओढते, जोर न लावता, पट्टा सरळ होईपर्यंत. मागून बघून शेपटीचा शाफ्ट आडवा सरळ आहे याची खात्री करते, कारण ओढताना नळी हमखास थोडी फिरते. मग पुढच्या बाजूने, पुलीच्या मागे, ॲलन कीच्या टोकाने पट्ट्याची एक बाजू दाबते. ती सहज आत जायला हवी आणि सोडल्यावर चटकन परत यायला हवी, पण दुसऱ्या बाजूला टेकता कामा नये. टेकली तर सैल. दाबायला जोर लागला तर घट्ट. मग स्क्रू आवळते, सगळे, आणि पुन्हा दाबून बघते, कारण आवळताना नळी सरकते. (दर वेळी सरकते. शिव्या घालायची सोय आहे.)

त्यानंतरची खरी परीक्षा म्हणजे एका हाताने मोठा गिअर घट्ट धरायचा आणि दुसऱ्या हाताने शेपटीचा पंखा फिरवायला बघायचा. पट्टा ताणला गेला पाहिजे, टर्रर्र नाही झालं पाहिजे. शेवटी मोठा रोटर बोटाने फिरवायचा. तो हलकाच फिरायला हवा. जड लागला तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि पकडीच्या कडेला, नळीवर, पांढऱ्या मार्करने एक रेघ. नळी सरकली तर रेघ बोंबलून सांगेल.

पट्ट्याऐवजी दांडा असलेली हेलिकॉप्टर्सही मिळतात, ताणण्याची भानगडच नाही. मी विचार केला होता. पण त्यात शेपटी जमिनीला नुसती घासली तरी गिअरचे दात उडण्याची भीती असते. पट्टा असल्या आगाऊपणाला बराच सोशिक असतो. मी अजून शिकतेय, मला सोशिक पार्टनर बरा.

ताईला मी हे सगळं सांगितलं. दोन रेघा दाखवल्या, पूड दाखवली, व्हिडिओतला आवाज ऐकवला. स्टिक वर ढकलली होती हेही सांगितलं, ते सांगणं सगळ्यात जड गेलं. तिने विचारलं, "आणि आता ते बटण?" मी म्हटलं, रोज रात्री जेवल्यावर दहा मिनिटं बंद रिमोट हातात घेऊन बसते. आई 'आता' म्हणून ओरडते आणि मी बटण दाबते. आई हल्ली मालिकेच्या ऐन मोक्याच्या क्षणी ओरडते.

गेल्या रविवारी आम्ही तिघं परत भोरच्या रानात गेलो. भाच्यासाठी चुन्याने रेघ मारली होती, माझ्या मागे तीस पावलांवर. पहिल्या दोन बॅटऱ्या मी कंबरेच्या वर गेलेच नाही. शेपटी गप्प होती. मोटर कोमट. तिसरी लावण्याआधी मशीन उताणं करून पट्टा तपासायला घेतला. नवा पट्टा सुरुवातीच्या उड्डाणांत जरा बसतो, सैलावतो. पांढरी रेघ जागच्या जागी होती.

"मी दाबू?" भाचा. ॲलन की त्याच्या हातात दिली. त्याने जीभ बाहेर काढून, अगदी सावकाश पट्टा दाबला. "मावशी, आतल्या आत टेकतोय. किंचित."

मी बघितलं. टेकत होता. स्क्रू ढिले केले, नळी केसभर ओढली, आवळले. त्याने पुन्हा दाबलं आणि मान हलवली. ताई इतका वेळ गाडीला टेकून उभी होती, ती जवळ आली. "मला दाखव," म्हणाली. तिनेही दाबून बघितलं, दोनदा.

मग तिने त्याच्या खिशातला मोबाईल काढून घेतला, त्याला खांद्याला धरून चुन्याच्या रेघेमागे नेलं आणि तिथून ओरडून म्हणाली, "व्हिडिओ मी काढते. तू उडव."